पहिली सकाळ सड्यावर: गोव्यात पाखरांमागे तीन दिवस

गोव्यात पाखरं बघायला येणाऱ्या सगळ्यांना थेट मोलेच्या रानात शिरायची घाई असते. आम्हालाही होती. कोल्हापूरहून आलेले माझा मावसभाऊ आणि वहिनी, म्हापशाहून मी, बहीण आणि तिचा बारावीतला मुलगा, असे आम्ही पाचजण. मार्चचा पहिला आठवडा, हाताशी तीन दिवस. गाईड सत्तरी तालुक्यातला. त्याने फोनवर पहिलंच वाक्य टाकलं, "ताई, पयली सकाळ सड्यावर. रान मागीर." वहिनींचा चेहरा पडला. एवढ्या लांबून येऊन वाळक्या गवतात काय बघायचं? तीन दिवसांनी सांगते, तो म्हणाला तेच बरोबर होतं. तुम्हीही असंच करा.

सव्वासहाला आम्ही पर्वरी-सुकूरच्या सड्यावर होतो. ज्यांना सडा माहीत नाही त्यांच्यासाठी: जांभ्याचं सपाट पठार, वर वीतभर माती, काही ठिकाणी तीही नाही. पावसाळ्यात इथे डबकी साचतात, गेंद आणि सीतेची आसवं या रानफुलांनी खडक झाकून जातो. मार्चमध्ये उरतं ते गुडघ्याएवढं सोनेरी गवत आणि काळपट दगड. लोक म्हणतात ओसाड. आम्ही गाडीतून उतरून पाच मिनिटं गप्प उभे राहिलो तेवढ्यात तीन चंडोल तीन दिशांना गात वर चढले. शेंडीवाला मलबारी चंडोल एवढ्या जवळच्या दगडावर बसला की दुर्बीण लावायची गरजच नव्हती. विजेच्या तारेवर नीलपंख होता. उजाडल्यावर एक भोवत्या गवताला पोट घासेल इतक्या खालून, पंख वर धरून, शेताच्या बांधावरून कोणी चालावं तसा ओळीने सडा तपासत गेला. हे शिकारी पक्षी थंडीत उत्तरेकडून येतात आणि मार्चअखेर परततात. म्हणून भोवत्या बघायचा असेल तर डिसेंबर ते फेब्रुवारी गाठा.

इथेच माझ्या हातून मोठी चूक होता होता राहिली. पीतमुखी टिटवी समोर ओरडत इकडून तिकडे धावत होती आणि मी कॅमेरा डोळ्याला लावून तिच्यामागे चालत होते. गाईडने मागून दंड धरला. "रावात!" मी खाली पाहिलं, काहीच दिसेना. त्याने काडीने दाखवलं तेव्हा दिसली: माझ्या बुटापासून हातभर अंतरावर, उघड्या जांभ्यावर, चार अंडी. घरटं म्हणायला बारीक खड्यांचं कडं होतं, बस्स. अंड्यांचा रंग मातीचा, वर काळे ठिपके, अगदी भोवतीच्या खड्यांसारखे. आम्ही आल्या पावलांनी पन्नास पावलं मागे आलो. टिटवी अंड्यांवर परत बसेपर्यंत अकरा मिनिटं गेली. ती अकरा मिनिटं मी घड्याळ बघत होते, कारण ऊन चढत होतं आणि अंडी उघड्यावर तापत होती. तेव्हा मार्च ते मे सड्यावर जाल तर गुरांच्या पायवाटेवरूनच चाला, आणि टिटवी ओरडायला लागली की पुढे न जाता मागे फिरा. गाडी गवतात घालू नका.

माझं आजोळ पेडण्याचं. मोपाच्या सड्यावर लहानपणी आम्ही काजू वेचायला जायचो, चंडोल तिथे डोक्यावर असायचेच. तिथे आता विमानतळ आहे, २०२३ च्या जानेवारीत सुरू झाला. सुकूरच्या सड्याच्या कडेनेही घरं वाढत चालली आहेत. रानाला निदान अभयारण्याची पाटी असते, सड्याला काहीच नाही. म्हणून सडा आधी बघा, असं मी आता येणाऱ्या प्रत्येकाला सांगते.

नऊनंतर सड्यावर थांबण्यात अर्थ नाही. पातळभाजी-पाव खाऊन आम्ही तांबडी सुर्लकडे निघालो. पणजीहून सुमारे ६५ किलोमीटर. मुक्काम मोले किंवा तांबडी सुर्ल परिसरातच करा. किनाऱ्यावर राहून रोज पहाटे इथे येणं जमत नाही, पाखरांची वेळ रस्त्यातच संपते. शनिवार-रविवार टाळा, दूधसागरच्या जीप कुळेहून सुटतात आणि त्या बाजूची गर्दी मोलेपर्यंत जाणवते.

भगवान महावीर अभयारण्य आणि मोले राष्ट्रीय उद्यान मिळून २४० चौरस किलोमीटर. त्यातला तांबडी सुर्लच्या महादेवाच्या देवळाभोवतीचा तुकडा आम्ही दोन दिवस तुडवला, तरी पुरला नाही. कदंबांच्या काळातलं काळ्या दगडाचं देऊळ, बाजूला रगाडा नदी, वर सह्याद्रीची भिंत. देवळासमोरच्या झाडांवरच गोव्याचा राज्यपक्षी भेटला: पिवळं अंग, काळं डोकं, गळ्याला निखारा चिकटल्यासारखा लाल ठिपका, डोळा पांढुरका. या बुलबुलासाठी आत कुठे जायची गरज नाही, सकाळी सात ते साडेआठ देवळाच्या आवारात शांत बसा.

रानात पाखरं आधी ऐकावी लागतात. सड्यावर एका सकाळी कान उघडला होता, तो इथे कामाला आला. गाईड दर वीस पावलांवर थांबायचा, डोळे मिटायचा. एकदा त्याने बोट वर केलं. बांबूच्या पलीकडून हलकं, मऊ 'कीऊ, कीऊ, कीऊ' येत होतं. तो कर्णा, दाट रानातला एक पक्षी. भाच्याने मोबाईलवर कर्ण्याचा आवाज लावायला काढला, तर गाईडने त्याचा हात अलगद खाली केला. "बाबा, तो आपल्या हद्दीत दुसरा नर आला म्हणून भांडायला येतो. पिल्लं सोडून येतो." आम्ही थांबलो. पंधरा-वीस मिनिटं. मग तो दिसला, आमच्याकडे पाठ करून. कर्णा तसाच बसतो, माणूस दिसला की लाल पोट पलीकडे फिरवतो आणि पाठीचा तपकिरी रंग फांदीत मिसळून जातो. त्याने मान वळवून खांद्यावरून आमच्याकडे पाहिलं, एक किडा टिपायला उडाला आणि परत बसला तो तोंड आमच्याकडे करून. काळं डोकं, छातीवर पांढरी पट्टी, खाली भडक लाल. कोणी श्वास सोडला नाही. हे आवाज लावून बोलावलेल्या पक्ष्यात मिळत नाही. गाईड ठरवताना पहिला प्रश्न हाच विचारा: तुम्ही रेकॉर्डिंग वाजवता का? 'हो, हमखास दाखवतो' म्हणाला तर दुसरा बघा.

दुपारी गाईडने आम्हाला बेडूकमुखी हा निशाचर पक्षी दाखवला. वेतांच्या जाळीत, खांद्याच्या उंचीवर, दोन सुकलेली पानं. नुसत्या डोळ्यांनी पानंच होती ती. दुर्बिणीतून एका पानाला मिशा दिसल्या. जोडी अंगाला अंग लावून झोपली होती, मादी विटकरी, नर राखाडी. प्रत्येकाला दोन मिनिटं, फ्लॅश नाही, बोलणं नाही, एका वेळी एकानेच पुढे जायचं. वहिनी बाहेर आल्या तेव्हा त्यांचे डोळे भरलेले होते. त्यांनी नंतर विचारलं, रोज त्याच फांदीवर बसतात का? बरेचदा बसतात, आणि म्हणूनच ती जागा कोणाला सांगायची नाही, फोटो टाकताना ठिकाण लिहायचं नाही.

संध्याकाळी परतताना मोलेच्या रस्त्यावर गवे आडवे आले, सात-आठ, पायात पांढरे मोजे घातल्यासारखे. चालकाने इंजिन बंद केलं, दिवे मंद केले. हॉर्न नाही, खाली उतरणं तर नाहीच. दूर कुठल्या तरी गावात शिगम्याचे ढोल वाजत होते. शेवटचा नर रस्त्याच्या मधोमध उभा राहून आमच्याकडे बघत राहिला. कळप पलीकडे गेल्यावरच तो हलला.

बोंडला अभयारण्याचं थोडक्यात: छोटं आहे, ८ चौरस किलोमीटर, लहान मुलं आणि वयस्कर माणसं बरोबर असतील तर सोयीचं. गुरुवारी बंद असतं. फाटकाआधीच्या रस्त्यावर पहाटे चालत गेलात तर शेकरू आणि नवरंग दोन्ही मिळू शकतात. नवरंगाची दोन सुरांची शीळ उजाडताना आणि दिवेलागणीला ऐका, मधल्या वेळी तो पाचोळ्यात गुपचूप असतो.

तिसरा दिवस चोरला घाट. केरीवरून वर चढलो की हवा बदलते. वर सुर्ला गावाच्या बाजूला (हे तांबडी सुर्ल नव्हे) पुन्हा सडा आणि गवत, आणि कड्याखाली म्हादईचं दाट रान. एका ठिकाणी उभं राहून दोन्ही बघायला मिळतात, आणि मग कळतं की ही वेगळी जगं नाहीत. काळा गरुड रानाच्या शेंड्यांवरून तरंगत आला आणि कड्यापाशी येऊन गवतावर निघून गेला, पंख एकदाही न हलवता. खालून भात वारवताना मोठं सूप हलावं तसा आवाज आला, आणि महाधनेश दरी ओलांडून गेला. एकटा नर. मादी या दिवसांत झाडाच्या ढोलीत स्वतःला लिंपून घेऊन बसलेली असते, तिला आणि पिल्लाला हा चोचीतून फळं नेऊन देतो. त्याला काही झालं तर ढोलीतलं कुटुंब उपाशी राहतं.

भाच्याने वाघाबद्दल विचारलं. गाईड जरा वेळ बोलला नाही. २०२० च्या जानेवारीत गोळावलीला वाघीण आणि तिचे तीन बछडे मेलेले सापडले, विषाने. त्यानंतर २०२३ मध्ये उच्च न्यायालयाने म्हादई व्याघ्र प्रकल्प जाहीर करायला सांगितलं. "वाघ दिसपाचो ना," तो म्हणाला, "पूण आसा म्हूण चलचें." वाघ दिसावा म्हणून इथे येऊ नका, तो आहे असं धरून शहाण्यासारखं वागा.

सामानाचं सांगते. ८×४२ ची दुर्बीण पुरते, गर्द रानात जास्त पटीने मोठं दाखवणारीला प्रकाश कमी पडतो. कपडे मातकट किंवा शेवाळी, पूर्ण बाह्यांचे. पँट मोज्यात खोचा आणि पाचोळ्यावर बसू नका: सत्तरीत माकडतापाचे रुग्ण सापडलेले आहेत आणि तो गोचिडीतून येतो. कोरड्या दिवसांत धोका जास्त. मुक्कामी आल्यावर गरम पाण्याने आंघोळ करून अंग नीट तपासा, पुढच्या पंधरवड्यात ताप आला तर डॉक्टरांना रानात गेला होतात हे आधी सांगा. पावसाळ्यात जाल तर गोचिडीची जागा जळवा घेतात, आणि फांदीला हात लावण्याआधी तिथे चापडा, म्हणजे झाडावरचा विषारी साप, नाही ना ते बघा. मार्चमध्ये काडी पेटवायची नाही, बिडी-सिगारेट तर अजिबात नाही. २०२३ च्या मार्चमध्ये म्हादईत लागलेले वणवे आम्ही सगळ्यांनी पाहिलेत. खाण्यासाठी मुक्कामाच्या घरी दहा वाजताची पेज मागून घ्या, सोबत खारातली तोरं, म्हणजे मिठाच्या पाण्यातल्या कैऱ्या. पहाटेपासून चालून आल्यावर तिच्यासारखं काही नाही.

परतताना मी चालकाला सुकूरकडे वाट वाकडी करायला लावली. दुपारचे साडेबारा झाले होते, जांभा तव्यासारखा तापलेला. खाली कोणी उतरलं नाही, रस्त्यावरूनच दुर्बीण लावली. घरट्यावर टिटवी नव्हती आणि माझ्या पोटात गोळा आला. मग जुन्या चिरेखाणीच्या बाजूने ती चालत आली, थांबत, बघत, पुन्हा चालत. खाणीत थोडं पाणी उरलंय. तिची छाती आणि पोट भिजून पिसं चिकटली होती. ती अंड्यांपाशी आली, पंख जरा फुलवले आणि ओल्या पोटाने त्यांच्यावर बसली.