योगाच्या वर्गाआधी एक चिठ्ठी आणि त्यासाठी गेलेले १९ दिवस

कोल्हापुरात गुळाच्या अडत दुकानात मी २७ वर्षं दिवाणजी आहे. हंगामात सौदे सुरू झाले की गादीवरची बैठक संध्याकाळपर्यंत मोडत नाही. गेल्या दिवाळीनंतर कंबर अशी धरली की उठताना खांबाला हात लावावा लागायचा. बीपीची गोळी आधीपासून होतीच. त्यात रात्री ३ ला जाग यायची आणि शेतकऱ्यांच्या पट्ट्यांची, म्हणजे विक्रीच्या हिशेबाच्या चिठ्ठ्यांची, बेरीज डोक्यात सुरू व्हायची. बायको म्हणाली, "अहो, एकदा योगाच्या वर्गाला जाऊन तरी बघा की."

मंगळवार पेठेत घराजवळच पहाटे ६ चा वर्ग आहे. फी भरली, सतरंजी घेतली आणि जाऊन बसलो. मॅडमनी पहिल्याच दिवशी विचारलं, "काका, गोळ्या कुठल्या चालू आहेत?" बीपीची म्हटल्यावर म्हणाल्या, "मग डॉक्टरांची चिठ्ठी आणा. तोवर मागं बसून नुसता श्वास मोजा. त्याशिवाय मी एकही आसन देणार नाही."

तेव्हा मला ते जाचक वाटलं. आज सांगतो, त्यांचंच बरोबर होतं. बीपी ताब्यात नसताना शीर्षासन, सर्वांगासन करणं, श्वास रोखून धरणं किंवा भस्त्रिका, म्हणजे भात्यासारखा जोरजोरात श्वास, करणं धोक्याचं असतं. काचबिंदू असेल तर डोकं खाली केल्यावर डोळ्यातला दाब वाढतो. हे शिक्षकाला आधी कळायलाच हवं. माझा राग चिठ्ठी मागणाऱ्यांवर नाही. चिठ्ठी मिळेपर्यंत जे झालं त्यावर आहे.

गावातल्या एका मोठ्या रुग्णालयात गेलो. नाव घेत नाही. सकाळी ८ ला केसपेपरच्या रांगेत उभा राहिलो, साडेअकराला नंबर आला. "ईसीजी आणि शुगर करून या." केलं. तीन दिवसांनी रिपोर्ट घेऊन गेलो तर खिडकीवरच्या माणसानं फॉर्म पुढं केला. त्यात नोकरीसाठी, लायसन्ससाठी, यात्रेसाठी असे रकाने होते. योगासाठी काही नव्हतं. तो म्हणाला, "योगाला कुठं सर्टिफिकेट लागतंय? कुणीबी करतंय की." मी म्हटलं, वर्गात मागितलंय. "मग त्यांच्याकडनंच फॉर्म आणा." वर्गाकडं असला फॉर्म नसतो, हे सांगून पटलं नाही. तो दिवस गेला. दुकानात रजा पडली ती वेगळीच.

तिसऱ्या वेळी मॅडमनी कोऱ्या कागदावर दोन ओळींची विनंती लिहून दिली. ती घेऊन गेलो. ओपीडी दुसऱ्या मजल्यावर. दोन तास उभा होतो, मग आत बोलावल्या बोलावल्या दंडाला पट्टा बांधला. माझं बोलणं चालूच होतं. आकडा आला १६४/१००. डॉक्टर म्हणाले, "एवढ्या बीपीला मी सही करणार नाही. गोळी वाढवू, १० दिवसांनी या." घरच्या मशीनवर त्याच पहाटे १३६ होतं. ते सांगितलं, तर पुढच्या पेशंटला हाक मारली गेली.

त्या दिवशी जिन्यात बसून डोळ्यात पाणी आलं होतं. बरं होण्यासाठी धडपडणाऱ्या माणसाला अशी वागणूक का मिळावी, हा प्रश्न अजून जात नाही.

हे मला कुणी आधी सांगितलं नव्हतं, म्हणून इथं लिहितो. बीपी मोजायच्या आधी ५ मिनिटं शांत बसायचं असतं. पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, हात छातीच्या पातळीला, तोंड बंद. आधीच्या अर्ध्या तासात चहा, तंबाखू नाही. लघवी लागली असेल तर आधी जाऊन यायचं. जिना चढून आलेल्या माणसाचा आकडा वर जाणारच.

मधल्या दिवसांत वर्गात मागं बसणं मात्र मी सोडलं नाही. पहिल्या दिवशी माझे श्वास मिनिटाला १८ भरले होते. मॅडमनी सांगितलं, आत घेताना ४ मोजा, सोडताना ६, आणि मध्ये रोखू नका. म्हणजे मिनिटाला ६ श्वास. उच्छ्वास लांबला की व्हेगस नावाची नस हृदयाचा वेग उतरवते, असं त्यांनी समजावलं. लोणावळ्याला कैवल्यधाम या योगसंस्थेत १९२४ पासून असल्या गोष्टी यंत्रं लावून तपासल्या जातात, हेही त्यांच्याकडूनच कळलं. आमचं गाव तालमींचं, जोर-बैठकांशिवाय व्यायाम मानायचा नाही अशा घरातला मी. श्वास मोजून काही होतं हे मला स्वतः अनुभवल्यावरच पटलं.

चौथ्या वेळी मी आत जाऊन हात जोडून म्हटलं, "साहेब, ५ मिनिटं बसू द्या, मग मोजा." त्या दिवशी तरुण डॉक्टर होते. "बसा काका," म्हणाले. भिंतीला टेकून तोच ४-६ चा श्वास घेतला. १३८/८६. गोळी न वाढवता त्यांनी लेटरहेडवर तीन ओळी लिहिल्या: रक्तदाब औषधाने नियंत्रित, श्वास रोखणे व डोके खाली करणारी आसने टाळावीत, बाकी योगाभ्यासास हरकत नाही. त्यावर त्यांचा नोंदणी क्रमांक. झालं! याला १९ दिवस लागले. ही चिठ्ठी आमच्या पेठेतले नेहमीचे डॉक्टरही देऊ शकले असते, हे नंतर समजलं. तुम्ही आधी तिथंच जा. जुने रिपोर्ट आणि गोळ्यांची पाकिटं सोबत न्या.

पुढचं सोपं होतं. मार्जारासन, भुजंगासन, एका पायाचं शलभासन, सेतुबंधासन. पुढं वाकणं पहिले दोन महिने बंद होतं. कंबर सहाव्या-सातव्या आठवड्यात सैल पडली. झोप त्याच्या आधीच सुधारली, झोपण्यापूर्वीच्या भ्रामरीनं, म्हणजे भुंग्यासारखं गुणगुणत श्वास सोडण्यानं. आता ३ ला जाग आलीच तर पट्ट्या आठवत नाहीत, श्वास मोजता मोजता डोळा लागतो. मुलग्यावर ओरडणं कमी झालंय, हे त्यानं स्वतः आईला सांगितलं. ते ऐकून मला आकड्यापेक्षा जास्त बरं वाटलं. आकडाही ८ महिन्यांत १२८ च्या आसपास आलाय. पण गोळी चालू आहे. ती डॉक्टरांना विचारल्याशिवाय कुणी सोडू नका.

पोट रिकामं लागतं हे राहिलंच. पूर्वी मी पहाटे गंगावेशीत कट्ट्यावर धारोष्ण दूध पिऊन पुढं जायचो. आता वर्ग झाल्यावर जातो. आणि गुडघा दुखत असेल तर वज्रासनाचा हट्ट नको, खुर्चीवर बसूनही श्वास होतो.

गेल्या आठवड्यात दुकानातल्या एका हमालानं विचारलं, मलाबी न्या. गुळाचे तीस-तीस किलोचे रवे, म्हणजे ढेपा, उचलून त्याचीही पाठ गेलीय, बीपीची गोळी आहे. उद्या त्याला घेऊन आमच्या पेठेतल्या डॉक्टरांकडे जाणार आहे. ५ मिनिटं आधी पोचून बसायचं, एवढं त्याला सांगून ठेवलंय.