३८० फूट आणि एक दोरी

आमच्या गावच्या घराचं खळं माझ्या आताच्या फ्लॅटपेक्षा मोठं आहे. नुसतं खळं हं; पडवी, माजघर, न्हाणी यात धरलेलीच नाहीत. पण त्या घराच्या एकाही चिऱ्यावर हात ठेवून 'हा माझा' असं मला म्हणता येत नाही, कारण सातबारावर एकतीस नावं आहेत. त्यातली सहा माणसं देवाघरी गेलीत, बरीचशी मुंबईला आहेत आणि एकजण कुठे असतो ते कुणालाच ठाऊक नाही. माझं नाव त्यात नाहीच. माहेरचा प्रश्न मी फार पूर्वी हक्कसोडपत्रावर सही करून मिटवला. २००५च्या कायद्याने मुलींना मुलांच्या बरोबरीने वाटा दिला खरा, पण दादाने तहसिलीसमोरच्या हॉटेलात चहा आणि कांदाभजी खिलवली आणि मी सही केली. भजी चांगली होती.

त्यानंतर रत्नागिरीत तेरा वर्षं अकरा-अकरा महिन्यांच्या करारावर काढली. पाच घरं झाली. पाचव्या घरमालकांनी 'मुलाचं लग्न ठरलंय' असं हसत सांगितलं तेव्हा पेढा तोंडात ठेवतानाच कळलं, की आता खोकी बांधायची.

घर बघायला लागलो तेव्हा एजंट आम्हाला सारखा गावाबाहेर न्यायचा. हायवेच्या बाजूला नव्या इमारती, साडेपाचशे फूट, पार्किंग, बागेत सिमेंटचा जिराफ. "मॅडम, शांतता बघा," तो दर वेळी गाडीतून उतरताच म्हणायचा. शांतता मला काय दाखवतो? गावाला संध्याकाळी सातनंतर रातकिड्यांशिवाय कुणी बोलत नाही. तीच फुकट मिळते, वर फणस मिळतात. तिच्यासाठी वीस वर्षांचा हप्ता कोण भरेल?

मला राम आळी हवी होती, रत्नागिरीची बाजारपेठ. निदान तिच्या हाकेच्या अंतरावर. सकाळी पाववाल्याच्या सायकलची घंटा, मग कुठल्यातरी दुकानाचं शटर, मग मिरकरवाडा बंदराहून आलेल्या मासळीच्या पाटीभोवती चाललेली घासाघीस, हे सगळं ऐकू येईल असं घर. शेवटी एक मिळालं. जुनी इमारत, तिसरा मजला, लिफ्ट नाही, गच्चीवर आपल्याकडे असतो तसा पत्रा. किंमत एकोणीस लाख. एजंटाच्या तोंडी त्या घराबद्दल एकच चांगला शब्द होता: "मार्केटमध्ये आहे." नेमकं तेवढंच मला पुरेसं होतं.

पहिल्यांदा बघितलं ते एप्रिलमध्ये. भिंती कशा दुधासारख्या. माझा एक मामेभाऊ गवंडीकाम करवून घेतो, तो म्हणाला, "ताई, कोकणात घर बघायचं ते आषाढात. एप्रिलात सगळीच घरं चांगली दिसतात." म्हणून विसार न देता थांबलो आणि भर जुलैत छत्र्या गळत असताना पुन्हा गेलो. आतल्या खोलीत एप्रिलमध्ये नसलेलं एक लोखंडी कपाट उभं होतं. मामेभावाने ते नम्रपणे, "जरा बघू हां," म्हणत वीतभर सरकवलं. मागे भिंतीवर ओलीचा असा डाग उमटला होता, की दापोलीपासून वेंगुर्ल्यापर्यंतचा किनारा त्यात शोधता आला असता. घराच्या मालकांनी खिडकीबाहेर बघितलं. त्या डागाने आमचे चाळीस हजार वाचवले, म्हणून रंगकाम करताना मला त्याच्याबद्दल थोडं वाईटच वाटलं.

मग मामेभावाने टेप काढली. जुन्या करारात बिल्टअप, म्हणजे भिंतीबिंती धरून, ५२५ फूट लिहिलं होतं. रेरा हा बिल्डरांवरचा कायदा आल्यापासून, म्हणजे आपल्याकडे २०१७पासून, नव्या घरात बिल्डरला कार्पेट, म्हणजे आतली वापरायची जागा, सांगावाच लागतो. जुन्या घरात आपली टेप हाच रेरा. तो कोपऱ्यात उकिडवा बसून आकडे ओरडत होता आणि मी वीजबिलाच्या पाठीवर लिहीत होते. बेरीज आली ३८०. उरलेले एकशेपंचेचाळीस फूट कुठे गेले? भिंतींच्या जाडीत, जिन्यात, असं एजंट म्हणाला. म्हणजे जिन्यातल्या ज्या पायरीवर मी रोज भाजीची पिशवी टेकून दम खाते, तिचेही पैसे मी मोजलेत. तेव्हापासून जास्त वेळ टेकते.

घर माझ्या एकटीच्या नावावर झालं. नवऱ्याने प्रेमापोटी केलं, असं मी मैत्रिणींना सांगते. बाईच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सूट मिळते हे खरं कारण. नोंदणी फी एक टक्का असते आणि तीस हजारांच्या वर जात नाही. आमचं घर बिचारं तिथवर पोचलंच नाही. दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात अंगठा, फोटो, सही असं सगळं चार मिनिटांत आटोपलं. आठवड्याने इंडेक्स टू, म्हणजे नोंदणीचा उतारा, हातात आला. घेणाराच्या रकान्यात एकच नाव. मी ते रिक्षात दोनदा वाचलं.

हा आनंद सोसायटीच्या पहिल्या मीटिंगपर्यंत टिकला. सेक्रेटरी काकांनी एक जाडजूड फाईल उघडली आणि सांगितलं, की इमारतीखालची जमीन अजून सोसायटीच्या नावावर झालेलीच नाही. बिल्डरने करून द्यायला हवी होती, दिली नाही. आता मानीव अभिहस्तांतरण करायचं, म्हणजे बिल्डरची वाट न बघता सरकारकडे अर्ज करून जमीन नावावर करून घ्यायची. 'मानीव अभिहस्तांतरण' काका एका दमात म्हणू शकत नाहीत, म्हणून ते 'आपलं ते डीम्ड' म्हणतात. "प्रॉपर्टी कार्डावर नावं कुणाची आहेत?" मी विचारलं. काकांनी चष्मा वर केला. "मूळ मालकांच्या वारसांची. चौदा जण. त्यातले काही मुंबईला असतात."

मला हसू आवरेना. एकतीस नावांतून सुटले आणि येऊन उभी राहिले ती चौदा नावांच्या डोक्यावर, तीन मजले वर.

सासूबाई गणपतीनंतर राहायला आल्या. दारातून आत येताच सगळं घर त्यांना एका नजरेत दिसलं. "आणि वाळत कुठं घालतेस गो?" एवढंच म्हणाल्या. कोकमं, आमसुलं, पापड, सगळ्याला खळं लागतं. गच्चीवर घालते म्हटलं, तर तिथे पत्रा. दोन दिवस त्या खुर्चीत अवघडून बसल्या. गुडघ्यांमुळे तीन मजले उतरणं शक्य नव्हतं.

तिसऱ्या दिवशी मी ऑफिसातून आले तर त्या गॅलरीत उभ्या. कठड्याला माझी कपडे वाळत घालायची नायलॉनची दोरी बांधलेली, टोकाला पिशवी, पिशवी खाली रस्त्यावर. खाली मासेवाली मावशी मान वर करून उभी, समोरचा टेलर दुकानाबाहेर येऊन बघत होता, आणि सासूबाई तिसऱ्या मजल्यावरून अख्ख्या आळीला ऐकू जाईल अशा आवाजात सांगत होत्या, "गो, कल्ले उघडून दाखव आधी! मी वरनं बघतेय!"

मावशीने बांगडा उचलून कल्ला उघडला. एवढ्या उंचीवरून काय दिसलं असेल देव जाणे. सासूबाईंनी जरा वेळ निरखून बघितलं आणि म्हणाल्या, "हा नको. दुसरा."