जनता नं. ७ : उताणी ठीक, पालथी बंद

बारा दिवसांनी जनता (एचएमटीचं चावीचं मनगटी घड्याळ) पालथी, म्हणजे तबकडी खाली, पडूनही चालली! काल रात्री टाइमग्राफरवर (टिकटिक ऐकून चाल मोजणारं यंत्र) अ‍ॅम्प्लिट्यूड (बॅलन्स चाक मधल्या जागेपासून किती फिरतं ते) २५४ अंश, बीट एरर (टिक आणि टॉकमधला फरक) ०.४ मिलिसेकंद. मी ह्यांना उठवून आकडे दाखवले. "बरं," म्हणाले आणि कूस बदलली. म्हणून आता तुम्हाला सांगतेय.

वरच्या मजल्यावरच्या आजींच्या यजमानांचं हे घड्याळ. तेच ०२३१ मशीन, १७ ज्वेल (चाकांची टोकं ज्यांत फिरतात ती माणकं), देवनागरीत 'जनता' लिहिलेली तबकडी. मागच्या वेळी लिहिलं होतं, धुऊन, तेल घालून जोडलं तर उताणं २६८ आणि पालथं जेमतेम १८५. रात्री पालथं ठेवलं की पहाटे बंद.

पहिला संशय मेनस्प्रिंगवर, म्हणजे चावी दिली की घड्याळ चालवते त्या स्प्रिंगवर. नवी मागवली, ती उंचीला जास्त. ती ठेवायच्या डबीचं, बॅरलचं, झाकणच बसेना. दुकानदाराला फोन केला तर म्हणे, "घासून घ्या मॅडम." मेनस्प्रिंग घासायची! त्या दुकानाला माझ्याकडून रामराम. मग वाटलं, पालथं केल्यावर बॅलन्सला झुलवणारी केसासारखी हेअरस्प्रिंग लोंबून बॅलन्सच्या दांडीला लागत असेल. दोन संध्याकाळी लूप (भिंग) डोळ्याला लावून बसले. फट व्यवस्थित होती. पॅलेट (बॅलन्सला धक्के देणारी तरफ) पुन्हा धुतला. बॅलन्सच्या पुलातला, म्हणजे मागच्या बाजूच्या पट्टीतला, वरचा ज्वेल तीनदा काढला, पुसला, ९०१० तेलाचा थेंब दिला. फरक शून्य.

कॉलेजच्या फिजिक्स लॅबमध्ये ३१ वर्षं काढली, तरी साधी गोष्ट सुचायला नववा दिवस उजाडला. आमच्याकडचा जुना भौतिक तराजू मंद झाला की आम्ही आधी काय बघायचो? सुरीची धार जिथे टेकते ती अ‍ॅगेटची पट्टी. इथेही तेच विचारायला हवं होतं: भार टेकतो कुठे? घड्याळ पालथं असताना बॅलन्स तबकडीकडच्या टोकावर उभा असतो. आणि मी सारखी पुलाकडचा ज्वेल पुसतेय, कारण तो हाताशी आहे!

खरं सांगायचं तर तबकडी पुन्हा काढायची भीती होती. 'ज'च्या काठाचा रंग थोडा सुटलाय. एकाने सल्ला दिला, नवी रंगवून घ्या, चकचकीत होईल. म्हणजे आजींच्या हातात 'मुंबई स्पेशल', रंगवून नव्यासारखं केलेलं घड्याळ, द्यायचं? नाही जमणार.

शेवटी काटे काढले, तबकडी काढली, खालचा पॅराशॉक (बॅलन्सचं टोक धक्क्यापासून सांभाळणारी ज्वेलची बैठक) उघडला. त्याची स्प्रिंग अर्थातच उडाली. पाऊण तास जमीन चाचपली, सापडली माझ्याच ओच्यात. (आता मांडीवर पांढरी चादर, तिचं दुसरं टोक टेबलाला चिकटवलेलं. करून बघा.) टोपीचा ज्वेल (टोक ज्यावर टेकतं तो) लूपखाली स्वच्छ दिसला. तसा तो पहिल्या धुण्यातही दिसला होता, कारण तेव्हा मी तेल देऊन मग बघितलं. या वेळी रोडिकोने (तेल-घाण टिपणारी घड्याळजींची पुट्टी) कोरडा केला, टॉर्च तिरका धरला, आणि मधोमध खळगा! वर्षानुवर्षं तेलाविना चालून टोकाने माणकाला खड्डा पाडलाय. तेल भरलं की तो दिसतच नाही.

सुटा ज्वेल आणायचा कुठून? एचएमटीची घड्याळं बंद करायचं २०१६ मध्येच ठरलं. आता मेलेल्यांतूनच जिवंत करायची. रविवारी पुण्यात जुन्या बाजारात ६०० रुपयांना पाच मशिनांचं गाठोडं घेतलं. चौथ्या मशिनातला ज्वेल निर्मळ निघाला. बसवला, चावी दिली, पालथं ठेवलं. २५४.

आता हिशेब. आजींकडून ५०० ठरलेत. गाठोड्याचे ६००, वाया गेलेल्या मेनस्प्रिंगचे १८०. पेन्शनला जोड म्हणून सुरू केलेला हा धंदा सध्या पेन्शनच खातोय. पण उरलेल्या चार मशिनांत सुटे भाग आहेत. दिवाळीनंतर खाली पार्किंगमध्ये टेबल टाकून येईल ते घड्याळ घ्यायचं ठरवलं होतं, ते रद्द. क्वार्ट्झचे सेल बदलायला कोपऱ्यावरचे घड्याळजी आहेतच. मी फक्त चावीची एचएमटी घेणार आणि दर ७०० करणार.

लिहिता लिहिता आणखी एक सुचलं: प्रत्येक गिऱ्हाइकाला एक कार्ड द्यायचं. दुरुस्तीआधीचे आणि नंतरचे आकडे, उताणं, पालथं, चावी खाली. लॅबमधल्या जर्नलसारखं. पहिलं कार्ड आजींचंच होईल, पण त्यांना अ‍ॅम्प्लिट्यूड म्हणजे काय हे मराठीत कसं सांगायचं? कुणाला शब्द सुचला तर कळवा.

काटे अजून बसवायचेत. मिनिटकाट्याचं भोक सैल वाटतंय.