तोट्यातला फुटबॉल संघ बंद का करत नाहीत?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. मी मिशिगनमध्ये राहते, पोटापाण्यासाठी दुसऱ्यांचे हिशेब तपासते, त्यामुळे मंडळाच्या गणपतीत महाप्रसादाच्या रांगेत हा प्रश्न माझ्या वाट्याला ठरलेला. ज्यांचं मूल यंदा कॉलेजला लागलं ते आईबाप विचारतात: संघ हरतो, स्टेडियम ओस असतं, वर दरवर्षी लाखो डॉलरचा तोटा. मग हे लोक फुटबॉल बंद का करत नाहीत? (फुटबॉल म्हणजे इथला, अंडाकृती चेंडूचा. कोल्हापूरकरांनी गैरसमज करून घेऊ नये.)

उदाहरणासाठी आम्हाला लांब जावं लागत नाही. ॲन आर्बरला युनिव्हर्सिटी ऑफ मिशिगनचं स्टेडियम आहे, १,०७,६०१ आसनांचं. तिथून गाडीने पंधरा-वीस मिनिटांवर इप्सिलांटी, आणि तिथे ईस्टर्न मिशिगन युनिव्हर्सिटीचं तीसेक हजारांचं रायनर्सन स्टेडियम, राखाडी टर्फचं. कागदावर दोन्ही संघ एकाच वरच्या श्रेणीत, म्हणजे एफबीएसमध्ये खेळतात. पण मिशिगन ‘बिग टेन’ या कॉन्फरन्समध्ये, म्हणजे आपसांत खेळणाऱ्या विद्यापीठांच्या गटात आहे. २०२३ पासून सुरू झालेला या गटाचा टीव्ही करार सात वर्षांचा आणि सात अब्ज डॉलरच्या वरचा. ईस्टर्न आहे ‘मॅक’मध्ये, म्हणजे मिड-अमेरिकन कॉन्फरन्समध्ये. तिथे टीव्हीचे पैसे या रकमेच्या जवळपासही फिरकत नाहीत, आणि जे मिळतात त्यासाठी नोव्हेंबरात मंगळवारी-बुधवारी रात्री खेळावं लागतं, कारण शनिवार मोठ्यांचा. मिशिगनमधल्या नोव्हेंबरच्या बुधवारी रात्री दुसऱ्या दिवशीचं लेक्चर सोडून कोण येणार? कॅमेऱ्याला सामना मिळतो, स्टेडियमला माणूस मिळत नाही.

मग कमाई कशातून? एक मोठी बाब म्हणजे ‘गॅरंटी गेम’. बलाढ्य संघ छोट्याला आपल्या घरी बोलावतो, मोबदल्यात ठरलेली रक्कम देतो. छोट्याने यायचं, हरायचं, चेक घेऊन जायचं असा अलिखित शिरस्ता. तो कधी कधी मोडतो. १ सप्टेंबर २००७ ला ॲपलाचियन स्टेट ॲन आर्बरला चार लाख डॉलर घेऊन खेळायला आले आणि ३४-३२ ने जिंकून गेले. इथल्या जुन्या लोकांसमोर हा विषय आजही काढू नये. ईस्टर्नही पुढे असल्या दौऱ्यांत रटगर्स, पर्ड्यू, इलिनॉय अशा बिग टेनच्या संघांना त्यांच्याच मैदानावर हरवून आले. चेकही घेतला आणि सामनाही. तरी एवढ्याने वर्षाचा खर्च निघत नाही. उरलेलं भगदाड विद्यार्थ्यांच्या फीमधून आणि विद्यापीठाच्या सर्वसाधारण निधीतून बुजवलं जातं. ईस्टर्नच्या खेळ विभागाचा बहुतांश खर्च असाच भागत आलेला आहे.

२०१६ मध्ये तिथल्याच प्राध्यापक आणि विद्यार्थ्यांनी अहवाल मांडला: हे परवडत नाही, वरच्या श्रेणीतून बाहेर पडा. प्रशासनाने ऐकलं नाही. गंमत अशी की त्याच वर्षी संघाने १९९५ नंतर पहिल्यांदा हरल्यापेक्षा जास्त सामने जिंकले आणि १९८७ नंतर पहिल्यांदा बोल गेम, म्हणजे हंगामाअखेरचा मानाचा सामना गाठला, तोही बहामात. एवढं झाल्यावर बंद करण्याचा विषय कोण काढतो!

आता माझ्या धंद्यातली गोष्ट. ‘तोटा’ हा आकडा जेवढा ठणठणीत वाटतो तेवढा नसतो. नियमांनुसार एफबीएस संघाला वर्षानुवर्षं ८५ पूर्ण स्कॉलरशिप देता येत होत्या. या ८५ जणांची पूर्ण छापील फी खेळ विभागाच्या नावे खर्च म्हणून पडते आणि विद्यापीठाच्या दुसऱ्या खात्यात जमा होते. पैसा इमारतीबाहेर गेलेलाच नाही. वर्गात जागा मोकळ्या असतील तर त्या मुलांना शिकवण्याचा जादा खर्च थोडा. राहणं-जेवण तेवढं खरं. एसटीच्या रिकाम्या सीटवर पासवाला बसला म्हणून महामंडळाचं पूर्ण तिकीट बुडालं असं आपण म्हणतो का? पण उलटही ध्यानात ठेवा: प्रशिक्षकांचे पगार, विमानप्रवास, दुखापतींचे उपचार हे रोकड पैसे आहेत, त्यांना कुठल्याही खात्यात लपवता येत नाही.

या हिशेबावरून अलाबामात मोठं महाभारत झालं. २ डिसेंबर २०१४ ला बर्मिंगहॅमच्या यूएबीने (युनिव्हर्सिटी ऑफ अलाबामा ॲट बर्मिंगहॅम) फुटबॉल बंद केल्याचं जाहीर केलं, रायफल नेमबाजी आणि बोलिंगही सोबत. अध्यक्ष रे वॉट्स यांचं म्हणणं, खेळांचा खर्च वर्षाला तीन कोटी डॉलर, त्यातले दोन कोटी विद्यापीठ भरतं, आणि फुटबॉल ठेवला तर पाच वर्षांत आणखी ४ कोटी ९० लाख लागतील. मग ओएसकेआर या अर्थतज्ज्ञांच्या संस्थेने तेच आकडे स्कॉलरशिपच्या खऱ्या खर्चाने मांडले, आणि निष्कर्ष निघाला की फुटबॉल जवळजवळ बरोबरीत आहे, थोडा फायद्यातच. दरम्यान गावातले व्यावसायिक, माजी विद्यार्थी, सगळ्यांनी देणग्यांचे आकडे टेबलावर ठेवले. १ जून २०१५ ला निर्णय मागे घेतला गेला. संघ २०१७ मध्ये मैदानात परतला आणि २०१८ मध्ये आपल्या गटाचं, कॉन्फरन्स यूएसएचं विजेतेपद घेऊन बसला.

ही कथा ऐकून लोक सुखावतात. मी नाही सुखावत. बर्मिंगहॅमला वाचवलं ते गावच्या पैशाने, आणि प्रत्येक इप्सिलांटीत तेवढा पैसा नसतो.

इप्सिलांटीत काय झालं ते बघा. मार्च २०१८ मध्ये ईस्टर्नने खर्च कमी करायला चार खेळ बंद केले: कुस्ती, पुरुषांचं पोहणं, सॉफ्टबॉल आणि महिलांचं टेनिस. बचत साधारण वीस लाख डॉलर. पोहण्याच्या संघाकडे मॅकच्या विजेतेपदांची रास होती, पण तरणतलावासाठी टीव्हीवाले येत नाहीत. फुटबॉलला हात लावला नाही, कारण मॅकमध्ये राहायचं तर फुटबॉल हवाच. मग दोन खेळाडू मुली कोर्टात गेल्या. खेळांत मुलींना समान संधी देणारा १९७२ चा टायटल नाइन कायदा त्यांच्या बाजूने उभा राहिला, संघीय न्यायालयाने मुलींचे दोन्ही खेळ परत सुरू करण्याचा आदेश दिला, आणि टेनिस परत आलं. कुस्तीगीर आणि जलतरणपटू मुलांचं मात्र कोणी ऐकलं नाही. मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत जास्त राग याचा येतो. फुटबॉल वरच्या श्रेणीत ठेवण्याची किंमत इतर खेळांतली पोरं मोजतात, आणि त्या खर्चाचा कुठल्याच तक्त्यात रकाना नाही.

माझं मत विचाराल तर: बंद करू नये, खाली उतरावं. आयडाहो विद्यापीठाने २०१६ मध्ये तसं ठरवलं, २०१८ पासून ते एफसीएसमध्ये, म्हणजे एक पायरी खालच्या श्रेणीत, बिग स्काय कॉन्फरन्समध्ये खेळतात. आसपासच्या राज्यांतले जुने शेजारी प्रतिस्पर्धी, १६ हजारांचं बंदिस्त डोम, तेव्हाच्या नियमाने ६३ स्कॉलरशिप. माजी विद्यार्थ्यांनी आकांडतांडव केलं, तेही ओसरलं. बचत मात्र तुम्हाला वाटते तेवढी होत नाही, कारण वरच्या श्रेणीचे चेकही लहान होतात किंवा जातात. पूर्ण बंद करणारेही आहेत. न्यूयॉर्कच्या हॉफस्ट्राने २००९ मध्ये संघ मोडला, वर्षाचे ४५ लाख डॉलर शिक्षणाकडे वळवले, आणि विद्यापीठ काही बुडालं नाही. पण हॉफस्ट्रा आधीच खालच्या श्रेणीत होतं, प्रेक्षक मोजके होते, आणि खाजगी संस्थेला आमदारांची भीती नसते.

२०२५ पासून तर खेळच बदललाय. जून महिन्यात न्यायालयाने मंजूर केलेल्या तडजोडीनुसार कॉलेजं खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतात, पहिल्या वर्षी कमाल मर्यादा २ कोटी ५ लाख डॉलर. ॲन आर्बरला ते जमेल. इप्सिलांटीच्या संपूर्ण खेळ विभागाच्या बजेटशेजारी हा आकडा ठेवून बघा. शिवाय याच तडजोडीत जुन्या खेळाडूंना द्यायच्या २.८ अब्ज डॉलरच्या भरपाईपायी एनसीएएकडून (कॉलेजच्या खेळांची नियामक संस्था) येणारा सर्वांचाच वाटा कमी होतोय, म्हणजे ज्या छोट्यांना थेट पैसे देणं परवडणार नाही तेही हप्ता भरताहेत.

आता तुमच्या मुलाच्या बिलाचं. काही ठिकाणी खेळांसाठी घेतली जाणारी फी उघड असते. व्हर्जिनियातल्या जेम्स मॅडिसनमध्ये ती वर्षाला दोन हजार डॉलरच्या घरात गेलेली आहे. बाकीच्या ठिकाणी ट्यूशनमध्ये मुरलेली असते, शोधून सापडत नाही. पण सरकारी विद्यापीठं दरवर्षी एनसीएएला हिशेब देतात आणि नाईट-न्यूहाऊसच्या डेटाबेसमध्ये तो फुकट बघता येतो. त्यात ‘स्टुडंट फीज’ आणि विद्यापीठाकडून मिळालेला निधी या दोन ओळी शोधा, बेरीज करा, एकूण विद्यार्थीसंख्येने भागा. अडलं तर मला फोन करा, पण एप्रिलमध्ये नको, तेव्हा टॅक्सची गर्दी असते.