व्हिगोचं शीत

शितावरून भाताची परीक्षा ही आपल्याकडची सगळ्यात स्वस्त सांख्यिकी. अमेरिकेच्या राजकारणाला असं शीत बरीच वर्षं इंडियाना राज्यात मिळत होतं. वाबाश नदीच्या काठावर टेरे होट नावाचं जेमतेम ५८ हजार वस्तीचं शहर आहे आणि ते ज्या काउंटीत (म्हणजे साधारण आपल्याकडच्या जिल्ह्यासारख्या भागात) येतं तिचं नाव व्हिगो. १८८८ ते २०१६ या काळात अध्यक्षपदाच्या ३३ निवडणुका झाल्या. त्यांतल्या १९०८ आणि १९५२ एवढ्या दोन सोडल्या, तर व्हिगोने ज्याला मतं दिली तोच व्हाइट हाउसमध्ये गेला. केनेडी म्हणू नका, निक्सन म्हणू नका, रेगन, क्लिंटन, दोन्ही बुश, ओबामा, ट्रम्प. पक्ष कुठलाही असो, व्हिगो जिंकणाऱ्याबरोबर.

मला अमेरिकेत मत नाही. त्यामुळे दुसऱ्यांच्या मतांत मला जरा जास्तच रस. इंडियानापोलिसहून पश्चिमेला सव्वा तास गाडी हाकली की टेरे होट येतं, आणि निवडणुकीच्या दिवसांत तिकडे जायचं निमित्त मी सोडत नाही. लोकांच्या अंगणांत रोवलेल्या उमेदवारांच्या पाट्या वाचत गल्लीबोळांतून सावकाश फिरायचं. ‘तुमच्याकडे हवा कुणाची?’ असं पुण्याहून काका फोनवर विचारतात, तेव्हा मला त्या पाट्यांवरून अधिकारवाणीने काहीतरी ठोकून देता येतं. काकाही ते संध्याकाळी कट्ट्यावर आपलं म्हणून खपवतात.

शहर मात्र राजकारणाच्या बाबतीत साधं कधीच नव्हतं. युजीन डेब्स इथलाच. रेल्वेत कोळसा ओढणारा पोऱ्या, पुढे कामगार पुढारी, आणि समाजवादी म्हणून अध्यक्षपदाला पाच वेळा उभा राहिलेला. पाचव्यांदा, १९२० ला, तो अटलांटाच्या तुरुंगातून लढला आणि तरी त्याला देशभरात नऊ लाखांहून जास्त मतं पडली. त्याच्या स्वतःच्या काउंटीने मात्र त्याला एकदाही पहिला येऊ दिलं नाही. १९०८ ला ती चुकली, तीही त्याच्यासाठी नव्हे. त्या वर्षी तिने हरलेल्या डेमोक्रॅट उमेदवाराला, ब्रायनला, पसंती दिली. गावचा माणूस म्हणून आपल्याकडे निदान डिपॉझिट तरी वाचवतात! आता त्याचं घर विद्यापीठाच्या आवारात संग्रहालय म्हणून जपून ठेवलंय.

बोगस मतदानाची मक्तेदारी आपलीच, असा कुणाचा समज असेल तर तोही इथे दूर होतो. १९१४ च्या निवडणुकीत इथे एवढे घोळ झाले की शंभराहून जास्त लोकांवर खटले भरले गेले आणि खुद्द महापौर डॉन रॉबर्ट्स यांची रवानगी कॅन्ससमधल्या लेव्हनवर्थच्या तुरुंगात झाली. ते वर्ष अध्यक्षीय निवडणुकीचं नव्हतं, म्हणून भाकिताच्या कीर्तीला डाग लागला नाही इतकंच.

शीत लागू का पडायचं, याचं उत्तर गावाच्या रचनेत होतं. कोळशाच्या खाणी, रेल्वे, काचेचे कारखाने आणि त्यांच्या जोरदार युनियनी, म्हणजे डेमोक्रॅट मतं. शहराबाहेर मका-सोयाबीनची शेतं आणि रविवारी भरणारी चर्च, म्हणजे बहुतेक रिपब्लिकन. मधे दोन-तीन कॉलेजं. आमच्या घरातला प्रत्येक केक ज्या क्लॅबर गर्ल बेकिंग पावडरवर फुगला, तीही इथलीच. या सगळ्यांत पुरेशी माणसं अशी असायची की जी दर चार वर्षांनी मन बदलू शकत. इंडियानात पक्षाकडे नाव नोंदवायची पद्धत नाही. पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या प्राथमिक फेरीला जाऊन ज्या पक्षाची मतपत्रिका मागाल, तो त्या दिवसापुरता तुमचा पक्ष. मन बदलायला अगदी सोयीचं.

मग कारखाने गेले. अमेरिकेतली सीडी पहिल्यांदा जिथे तयार झाली तो सोनीचा कारखाना इथेच, १९८४ चा. २०१८ ला तिथलं तबकड्यांचं काम थांबलं. युनियनीचं कार्ड खिशात असलेला बाप डेमोक्रॅट आणि कार्डच नसलेला मुलगा ट्रम्पचा, असं घराघरांत होत गेलं. २००८ ला ओबामांना भरभरून मतं देणाऱ्या, २०१२ ला निसटती देणाऱ्या काउंटीने २०१६ ला ट्रम्पना मोठ्या फरकाने निवडलं. शीत तेव्हाही बरोबरच निघालं.

२०२० ला चुकलं. व्हिगो ट्रम्पबरोबरच राहिली, देश बायडनकडे गेला. बायडनना तारलं ते मोठ्या शहरांभोवतीच्या उपनगरांनी, पदवीधर माणसांनी. मी राहतो तसल्याच एका उपनगरात. पिढ्यान्‌पिढ्या रिपब्लिकन मतं देणाऱ्या आमच्या गल्लीत त्या वर्षी डेमोक्रॅटांच्या निळ्या पाट्या दिसू लागल्या, तेव्हा मला आधी वाटलं कुणाकडे भाडेकरू आलेत. व्हिगोत असली उपनगरं नाहीतच. म्हणजे पातेल्यात दोन जातींचे तांदूळ होते आणि आपण इतकी वर्षं एकच दाबून बघत होतो.

गंमत म्हणजे महापौर निवडताना हेच शहर उलटं वागतं. ओबामांच्या काळात इथे महापौर होते ड्यूक बेनेट, रिपब्लिकन, २००८ पासून सलग सोळा वर्षं. ट्रम्पांचा जोर पक्का झाल्यावर, २०२३ ला, त्यांना हरवलं ब्रँडन सॅकबन या २७ वर्षांच्या डेमोक्रॅट तरुणाने, ज्याचे वडील कंबोडियातून निर्वासित म्हणून आलेले. आता काउंटीत शहराबाहेरची मतंही असतात आणि महापौर फक्त शहराचा, हे खरं. पण सगळा फरक तेवढ्याने भरून निघत नाही. मालगाडी आडवी उभी राहिली की अर्धं शहर फाटकाशी अडकतं, आणि त्या रांगेत लाल-निळं कोण बघतो?

२०२४ ला व्हिगोने पुन्हा ट्रम्पना मत दिलं, ट्रम्प जिंकले, आणि शीत लागू पडलं म्हणून थोडी वाहवाही झाली. मला ती पटली नाही. व्हिगो २०१६ पासून जागची हललेलीच नाही. देश मधे चार वर्षं दुसरीकडे जाऊन परत आला. काकांना हे सांगितलं तर ते म्हणाले, ‘ते राहू दे रे, २०२८ ला कोण ते सांग.’