मिक्सरचे कार्बन आणि बाबांची पकड

आइंडहोवनला येताना लग्नातला मिक्सर सामानात घेऊन आले होते. भारतातली वीज २३० व्होल्टची आणि नेदरलँड्समधलीही तेवढीच, त्यामुळे प्लगला अडॅप्टर लावला की काम भागतं. इथल्या सहा वर्षांत त्याने कधी कुरकुर केली नाही. या फेब्रुवारीत खोबरं वाटताना जळका वास आला, खालच्या झरोक्यांतून ठिणग्या दिसल्या आणि तो बंद पडला. जरा हलवला की क्षणभर फिरायचा, पुन्हा थांबायचा.

पुण्यात असते तर सकाळी दुकानात टाकून संध्याकाळी घरी आणला असता. इथे दुरुस्तीवाला घरी बोलावला तर त्याच्या नुसत्या येण्याचे पैसे आधी मोजावे लागतात, कामाच्या तासांचे वेगळे. त्या हिशेबात नवाच परवडतो आणि जुना कचऱ्यात जातो. ते माझ्या जिवावर आलं. शेजारणीने सुचवलं, शनिवारी रिपेअर कॅफेत जाऊन बघ.

ही कल्पना इथलीच. २००९ साली मार्टीन पोस्टमा नावाच्या पत्रकार बाईंनी ॲमस्टरडॅममध्ये पहिला रिपेअर कॅफे भरवला. आज जगभरात असे अडीच हजारांहून जास्त कॅफे आहेत. मोडलेली वस्तू घेऊन यायचं, जाणत्या स्वयंसेवकाशेजारी बसायचं आणि दोघांनी मिळून ती उघडायची. वस्तू ठेवून निघून जायचं नाही, ही यातली खरी गोष्ट.

माझ्या टेबलावरचे आजोबा सत्तरीच्या पुढचे होते. १८९१ साली फिलिप्सची सुरुवात या गावात झाली, त्यामुळे कारखान्यांत आयुष्य काढलेली हातात कसब असणारी माणसं इथे पुष्कळ भेटतात. हेही त्यांतलेच. मी मिक्सर पुढे सरकवला, तर त्यांनी स्क्रू ड्रायव्हर माझ्याकडे सरकवला. मला स्क्रूच दिसेनात. त्यांनी मिक्सर उलटा केला आणि तळाच्या रबरी बुटांकडे बोट दाखवलं. एक बूट नखाने उचकटला, तर खाली स्क्रू. बारा वर्षं रोज पुसलेल्या मिक्सरचे स्क्रू मी पहिल्यांदाच पाहत होते.

काढलेला प्रत्येक स्क्रू त्यांनी अंड्यांच्या रिकाम्या ट्रेमध्ये क्रमाने ठेवायला लावला आणि वायर सोडवण्याआधी मोबाइलवर फोटो काढून घ्यायला सांगितलं. मोटरच्या दोन बाजूंना पितळी खोबणी होत्या. त्यांतून स्प्रिंगसकट कार्बनचे दोन तुकडे निघाले, पेन्सिलच्या शिशासारखे काळे आणि झिजून आखूड झालेले. फिरणाऱ्या भागाला वीज यांच्यामार्फत पोचते. ते आखूड झाले की स्प्रिंगचा दाब पुरत नाही, टेकणं सुटतं आणि ठिणग्या उडतात. हलवल्यावर मिक्सर का फिरायचा, ते तिथे कळलं. त्यांच्या डब्यात त्या मापाचे कार्बन नव्हते, म्हणून थोडे मोठे घेतले आणि माझ्या हातात कानस दिली. मी वीस मिनिटं घासत होते. एकदा जास्त घासला गेला, तो बाद झाला, दुसरा घेतला. ते काही बोलले नाहीत.

घरी येताना आजी आठवत राहिली. ती स्टोव्हचं वायसर स्वतः बदलायची, पिन मारायची, आणि पंपाचं चामडं वाळलं तर त्याला तेल लावून मऊ करायची. बाबा फ्यूज उडाला की टॉर्च तोंडात धरून नवी तार गुंडाळायचे. मी पकड घेऊन जवळ गेले की म्हणायचे, "तू राहू दे बेटा, तुझा अभ्यास कर." त्यांनी ते मायेपोटीच म्हटलं, याबद्दल मला तिळमात्र शंका नाही. मुलांच्या हाताला काळं लागू नये म्हणून ती पिढी राबली. आमच्याकडे हाताने काम करणाऱ्याला कमी लेखायची जुनी खोडही त्यामागे होती, हे मात्र सांगायलाच हवं. आजीकडून बाबांकडे आलेली विद्या माझ्यापाशी येऊन थांबली. मी आळशी होते म्हणून नाही, माझ्या हातात कुणी पकडच दिली नाही म्हणून.

वस्तूही तशाच झाल्या आहेत. आजीचा स्टोव्ह उघडण्यासाठीच बनवला होता, माझा फोन गोंदाने चिकटवलेला आहे. युरोपियन युनियनने यावर कायदे केले. २०२४ साली दुरुस्तीच्या हक्काचा निर्देश मंजूर झाला, आणि फेब्रुवारी २०२७ पासून बहुतेक लहान उपकरणांची बॅटरी ग्राहकाला स्वतः काढता येईल अशी ठेवण्याचा नियम आहे. मला याचा मनापासून आनंद आहे. पण त्या हॉलमध्ये नजर फिरवली तेव्हा दुरुस्ती करणारी जवळजवळ सगळी डोकी पिकलेली होती. तरुण माणसं होती ती माझ्यासारखी, मोडलेली वस्तू मांडीवर घेऊन बसलेली. बॅटरी काढता येईलही, पण ती काढून बघावी असं वाटायला हात आधी सरावलेला लागतो. इथल्या घरांतही तो सराव तुटतोय.

रात्री बाबांना फोन केला. ठिणग्यांचं सांगायला सुरुवात केली, तोच ते म्हणाले, "कार्बन गेले असणार. स्प्रिंग नीट बसली का?" मग बराच वेळ आम्ही त्यावरच बोललो. एरवी आमचा फोन जेवलीस का, थंडी आहे का, यापलीकडे फारसा जात नाही. जुन्या कार्बनचं माप विचारलं त्यांनी. मी लेकीची पट्टी आणून मोजलं. एक नऊ मिलिमीटरचा, दुसरा सात. "टाकू नकोस," ते म्हणाले, "पुढच्या वेळी मापाला लागतील."

अकरा वर्षांची लेक शेजारी उभी राहून ऐकत होती. तिने ते दोन्ही तुकडे काड्यापेटीत ठेवले आणि वर पेनाने लिहिलं, मिक्सर. आता तिला टोस्टर उघडायचा आहे. पुढच्या शनिवारी आम्ही तोच घेऊन जाणार आहोत.