गाठ लेकीची, डाग आईचा

"मॅडम, हिची पिशवीच काढून टाका." आई खुर्चीत टेकायच्या आतच बोलली. लेक सव्वीस वर्षांची, दोन मुलांची आई. दसऱ्यानंतर नवऱ्याबरोबर ऊसतोडीला जायचं होतं. थैलीतून काढलेल्या सोनोग्राफीच्या कागदावर 'अंडाशयात 4.2 सेंटिमीटरची गाठ' या ओळीखाली कुणीतरी पेनाने दोनदा रेघ ओढली होती.

आमच्या बीडकडे 'गाठ' या एका शब्दाच्या भीतीने कितीतरी बायकांच्या पिशव्या निघाल्या. 2019 साली तो प्रश्न विधिमंडळात गाजला. मला अजूनही त्याचा राग येतो.

मी स्वतः पुन्हा सोनोग्राफी केली. काळ्या गोलात कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेघा, डॉप्लर लावला तर आत रक्तप्रवाह नाही. बीज बाहेर पडल्यावर उरलेल्या जागेत रक्त साकळलं की अगदी असंच दिसतं. पाळी चालू असलेल्या वयात ते बहुतेक वेळा आपोआप विरतं. दोघींना पडद्यावर दाखवलं. "सहा-आठ आठवड्यांनी परत बघू. मधेच पोटात जोराची कळ आली किंवा चक्कर आली तर मात्र थांबायचं नाही, लगेच यायचं."

दोघी उठल्या. दारापाशी आई थबकली. "मला बी कधीमधी डाग लागतो. उष्णता आसंल."

"पाळी जाऊन किती वर्षं झाली, मावशी?"

"सहा."

मी तिला परत बसवलं. लघवीला जाऊन यायला सांगितलं आणि आतून सोनोग्राफी केली. पाळी गेलेल्या बाईला डाग लागत असेल आणि गर्भाशयाचं अस्तर 4 मिलिमीटरहून जाड असेल, तर तुकडा तपासावाच लागतो. हिचं 14 भरलं. मी दोनदा मोजलं.

तुकड्याचा रिपोर्ट आला. कर्करोग, पण सुरुवातीचा. लेकीची पिशवी काढू नका म्हणून समजावणाऱ्या मलाच आता आईला सांगावं लागलं, तुमची काढायला हवी. ती इतकंच म्हणाली, "मग हिचं काय?" मोठ्या दवाखान्यात ऑपरेशन नीट पार पडलं.

सात आठवड्यांनी दोघी आल्या. लेक टेबलावर झोपली. पोटाला पट्टा बांधलेली आई पडद्याकडे टक लावून उभी होती.

"ते जाळं कुठंय?"

"विरलं."

तिने लेकीच्या पोटावरची जेली स्वतःच्या पदराने पुसली.